फिश ऑइलची साधी कॅप्सूल: डबीवरचे १००० आणि आतले ३००

मेडिकलच्या काउंटरवरच्या फिश ऑइलच्या डबीवर १००० मि.ग्रॅ. हा आकडा ठसठशीत छापलेला असतो. तो नुसत्या तेलाचा आकडा आहे. कामाचे घटक ईपीए आणि डीएचए, म्हणजे ओमेगा-३ प्रकारची चरबी, आणि ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतात. साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा १८० आणि १२०, म्हणजे मिळून ३०० मि.ग्रॅ. बाकी इतर चरबी.

म्हणून भाव डबीचा न बघता ग्रॅमचा काढावा. ६० कॅप्सूल गुणिले ३०० म्हणजे १८ ग्रॅम. डबी ५४० रुपयांची असेल तर ग्रॅमला ३० रुपये. या हिशेबात जास्त तीव्रतेची महाग डबी कधी कधी स्वस्त पडते. छापलेला आकडा एका कॅप्सूलचा आहे की दोनांचा, तेही तपासा. इथे बरेच जण फसतात.

एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. माशाचा हलका वास ठीक; भिंतीच्या ऑइल पेंटसारखा किंवा खवट उग्र वास आला तर डबी परत करा. लिंबाचा फ्लेवर हा खवटपणा झाकतो. रिकाम्या पोटी घेतली तर माशाचे ढेकर येतात. मुख्य जेवणासोबत घेतली की ते कमी होतात आणि तेल शोषलेही जाते.

आता परिणाम. व्हायटल चाचणीत (२०१८) २५,८७१ जणांत जास्त तीव्रतेच्या रोजच्या एका कॅप्सूलने, म्हणजे ८४० मि.ग्रॅ. ईपीए-डीएचएने, हृदयविकाराच्या मोठ्या घटना लक्षणीय घटल्या नाहीत. त्याच वर्षीच्या रिड्यूस-इट चाचणीत त्या २५ टक्क्यांनी घटल्या. पण तिथे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेल्या, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असलेल्या रुग्णांना शुद्ध ईपीएचे औषध दिले होते, रोज ४ ग्रॅम. शिवाय तुलनेसाठी वापरलेल्या खनिज तेलावर आक्षेप आहेतच. ४ ग्रॅम साध्या कॅप्सूलमधून मिळवायचे तर रोज १३-१४ गिळाव्या लागतील, आणि मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा (एट्रियल फिब्रिलेशन) धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

आणखी एक घोळ, कारण बरेच जण फिश ऑइल सूज उतरावी म्हणून घेतात. तळलेल्या खाण्याने 'हृदयाला सूज' येते असे म्हणतात तेव्हा विषय बहुतेकदा रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा असतो. हृदयाच्या स्नायूची सूज, मायोकार्डायटिस, हा वेगळा आजार. तो बहुधा विषाणूने होतो आणि त्यात काही महिने दमवणारा व्यायाम बंद ठेवावा लागतो. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर चालायला जाऊन अंदाज घेऊ नका.

बाकीच्यांसाठी त्याच पैशांत भरभर चालणे सरस: आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. फरक बघायचा तर एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, करा: १ मि.ग्रॅ./लिटरखाली कमी धोका, ३च्या वर जास्त. सर्दी-तापात केलेली तपासणी फुकट जाते. १०च्या वर आला तर आधी संसर्ग शोधा. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी धरा.

कढईतले तेल काळसर, चिकट, फेसाळ झालेले असेल तर तिथला वडा कुठल्याच डबीने भरून निघत नाही. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा: एकूण पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे) २५ टक्के. त्यापुढे तेल टाकायचे.

साध्या कॅप्सूलला गुण पाचपैकी दोन. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी, कालवण करून, तळून नव्हे. शाकाहारींना जवसाची चटणी आहे, पण तिच्यातल्या ओमेगा-३चा फार थोडा भाग ईपीए होतो. त्यांनी शैवालापासूनची कॅप्सूल बघावी.