पार्किंगमध्ये नळ नाही, मग अलॉयवरची ब्रेकची काजळी कशाने काढायची?

उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत नळी लावून गाडी धुवायला मनाई होते. बॉडीवरची धूळ ओल्या फडक्यानेही निघते, पण पुढच्या चाकांवरची काळपट-तपकिरी काजळी जागची हलत नाही. ब्रेक लागला की पॅड आणि बिडाची डिस्क, दोन्ही झिजतात. त्यातले तापलेले लोखंडी कण अलॉय चाकाच्या क्लिअर कोटवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर, बसतात आणि ओल लागली की तिथेच गंजतात. ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून तीच आधी काळवंडतात. मागे ड्रम ब्रेक असेल तर भुगा बराचसा आतच राहतो.

नळीशिवायचे उपाय तीन. पहिला वॉटरलेस स्प्रे: फवारा आणि पुसा. ऑफिसला निघता निघता होतं, बादलीसुद्धा लागत नाही. तरी काजळलेल्या चाकावर मी तो वापरणार नाही. लोखंडाचे धारदार कण फडक्याबरोबर फिरतात आणि उन्हात चाक पाहिलं की बारीक ओरखडे दिसतात. दर आठवड्याला पुसलेलं चाक असेल तर चालेल. तेव्हाही फवारा फडक्यावर मारायचा. यातल्या काहींत वॅक्स किंवा सिलिकॉन असतं, ते डिस्कवर जाता कामा नये.

दुसरा रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं न लागणारं द्रावण, आणि माझा कौल यालाच. बादलीत 4 लिटर पाणी, त्यात बाटलीवर लिहिलेल्या मापाने द्रावण. त्यातलंच थोडं कुंड्यांवर फवारायच्या 2 लिटरच्या हातपंपात भरायचं. आधी चाक भिजवून दोन-तीन मिनिटं सोडायचं. काळे ओघळ आपोआप खाली येऊ लागतात, तेवढं घासणं वाचतं. मग निथळतं मायक्रोफायबर फडकं दाब न देता फिरवायचं. नटांच्या खोबणीत आणि स्पोकच्या मागच्या बाजूला मऊ ब्रश. प्रत्येक चाकाला वेगळं फडकं, आणि चाकाचं फडकं बॉनेटला कधीच नाही. माझी चारही चाकं या एका बादलीत होतात.

तिसरा आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं रसायन. रुतून बसलेल्या नारिंगी ठिपक्यांवर तोच चालतो. लोखंडाला लागला की जांभळे ओघळ सुटतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण तो धुऊन काढावाच लागतो, चाकावर वाळू द्यायचा नाही. हातपंपाने धुतलं तर दर चाकाला दीड-दोन लिटर साधं पाणी धरा. हातमोजे घालून, उघड्यावर आणि चाक पूर्ण गार असतानाच. बेसमेंटमध्ये नको. वर्षातून दोनदा पुरे. क्लिअर कोट उडालेल्या अलॉयवर आधी कोपऱ्यात थोडा लावून बघा.

संडास साफ करायचं ॲसिड मात्र कोणीही सुचवलं तरी लावू नका. ते ॲल्युमिनियम खातं, आणि तो डाग पुन्हा रंग दिल्याशिवाय जात नाही. कोरड्या ब्रशने झटकणंही नको, ती भुकटी थेट नाकात जाते.

खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर आधी हातपंप घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही उपायांना तो लागतोच. आणि चाकं झाल्यावर गाडी तशीच उभी करू नका. सोसायटीतच हळू एक फेरी मारून दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबा, म्हणजे ओल्या डिस्क कोरड्या होतील.