कोचीत रविवर्मांची ‘जुनी प्रिंट’ दाखवली तर

बडोद्याहून कोचीला एकट्याने, विशेषतः एकटीने, फिरायला जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझे साडेअकरा हजार रुपये गेले. ते ज्या पद्धतीने गेले ती आपल्या गावच्या माणसावर नेमकी लागू पडते, म्हणून सविस्तर सांगते.

फोर्ट कोची एकट्या माणसाला फार सोयीचं आहे. एर्नाकुलमच्या जेट्टीवरून थोडक्या पैशांत बोट मिळते आणि पलीकडे उतरलं की बरंचसं पायी बघून होतं. किनाऱ्यावरची चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च, वास्को द गामाला १५२४ साली जिथे पुरलं होतं ती जागा (अस्थी पुढे लिस्बनला नेल्या, शिळा राहिली). तिथून मट्टानचेरीचा राजवाडा आणि १५६८चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) मात्र लांब पडतं. उन्हात लोक रिक्षा करतात, मीही केली.

रिक्षावाला अदबीने बोलणारा, हिंदी उत्तम. ‘कहाँ से आये?’ म्हणाला, मी बडोदा सांगितलं. मग मल्याळममध्ये एक फोन झाला. फोन ठेवल्यावर म्हणाला, राजवाडा आज दुरुस्तीसाठी बंद आहे, सिनेगॉग चारनंतर उघडेल, तोवर एक जुन्या वस्तूंचं दुकान दाखवतो, नुसतं बघायला पैसे पडत नाहीत. वार मंगळवार होता.

दुकानाच्या दारातच मालकाने ‘गायकवाडांच्या गावच्या ना?’ असं विचारलं. मी त्याला काहीच बोलले नव्हते. चहा आला, खुर्ची आली आणि मग तो रविवर्मांबद्दल बोलायला लागला. सयाजीराव महाराजांनी पौराणिक विषयांवरची १४ चित्रं काढून घेतली, त्यातली कितीतरी आज फतेहसिंह म्युझियममध्ये आहेत, १८९४ला रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मग श्लायशर नावाच्या जर्मन माणसाने विकत घेतला. हे सगळं खरं आहे. आपल्यापैकी जे लहानपणापासून त्या म्युझियममध्ये जात आलेत त्यांना हे ऐकताना समोरच्याबद्दल विश्वास वाटणारच. दांडिया बाजारातल्या कितीतरी घरांत देवघरावर रविवर्मांची लक्ष्मी किंवा सरस्वती असतेच. त्या ओढीवरच हा धंदा उभा आहे.

मग आतून ‘विश्वामित्र-मेनका’ आली. पिवळटलेला कागद, जुनी सागवानी चौकट, मेनकेच्या वस्त्रावर जरी आणि टिकल्या शिवलेल्या, खाली छापखान्याचं नाव इंग्रजीत. त्रावणकोरच्या एका जुन्या घराण्यातून आलेली, शंभर वर्षांहून जुनी असं सांगितलं. काच काढून बघू का विचारलं तर म्हणाला, सील उघडलं की किंमत जाते. संध्याकाळी एक फ्रेंच गिऱ्हाईक येणार आहे, पण बडोद्याच्या माणसाकडे गेली तर बरं वाटेल, असंही सांगितलं. सोबत कुणी असतं तर ‘जरा बाहेर चल, बोलू’ म्हणता आलं असतं. एकट्या माणसाला ती उसंत मिळत नाही आणि हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. पैसे यूपीआयने गेले. बिलावर लिहिलं होतं ‘डेकोरेटिव्ह पेपर प्रिंट, फ्रेमसह’. कारण काय, तर टॅक्स कमी लागतो.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यावर गेले. तिकीट खिडकीवर कळलं की सुट्टी फक्त शुक्रवारी असते, आदल्या दिवशी राजवाडा दिवसभर उघडा होता. आतल्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत, ती पाहायला तरी कोचीला जावं इतकी सुंदर.

बडोद्याला आल्यावर शेजारच्या ताईंना प्रिंट दाखवली. त्या फाइन आर्ट्सला प्रिंटमेकिंग शिकलेल्या. त्यांनी आधी भिंग घेतलं. ‘अगं, शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असतो, ठिपके हाताने दिलेले असतात, लहानमोठे, वेडेवाकडे. हे बघ, इथे ठिपक्यांची एकसारखी फुलं झाली आहेत. हे आत्ताचं ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची छपाई आहे.’ मग चौकट उघडली. कागद चौकटीखाली दबलेल्या कडेलाही तितकाच तपकिरी होता. जुना कागद उजेड लागतो तिथे एक रंग धरतो, झाकलेला राहतो तिथे दुसरा. हा चहाच्या पाण्यात बुडवून काढला असावा, असं त्या म्हणाल्या. जरीचं काम खऱ्या जुन्या प्रिंटांवरही करत असत, त्यामुळे जरी दिसली म्हणून प्रिंट जुनी ठरत नाही. इथे तर ती नेमकी ज्या भागात छपाई कच्ची होती तिथेच शिवलेली निघाली.

मट्टानचेरीत सचोटीने व्यापार करणारी जुनी दुकानंही आहेत, त्यांना यात ओढायचं नाही. पण घ्यायचंच असेल तर लहानसं भिंग खिशात ठेवा आणि काच काढूनच बघा. काच काढायला नकार दिला की उठा. दुसरं म्हणजे, १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. ‘शंभर वर्षांची आहे’ असं सांगणाऱ्याकडे तो मागा. ‘आज बंद आहे’ हे दारावरच्या फळीवर वाचल्याशिवाय मानू नका. सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी खरंच बंद असतं, त्यामुळे अर्धवट माहिती असलेला माणूस पटकन फसतो. गाव आणि आवड रिक्षात सांगायची नाही, हे मी माझ्या भाच्यांना बजावून ठेवलं आहे.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बडोद्यातच, ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. अडचण बिलाची आहे. त्यावर ‘जुनी’, ‘रविवर्मा प्रेस’, ‘शंभर वर्षं’ यातला एकही शब्द नाही. दुकानदाराने नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओरिजिनल लोणावला प्रेस’ असं लिहून फोटो पाठवला होता, तो मी जपून ठेवला आहे आणि वकिलांच्या मते सगळी भिस्त त्यावरच आहे. तुमच्यापैकी कुणाकडे असंच बिल आणि अशीच प्रिंट असेल तर त्या दुकानदाराशी झालेलं बोलणं डिलीट करू नका.