ओपन कॅबिनेटच्या नावाखाली मायनिंगचं जुनं कार्ड नवं म्हणून विकलं: सांगलीतला अनुभव

सांगली-मिरजेत कुणी कॉम्प्युटर असेंबल करून घेणार असेल, तर त्याने हे आधी वाचावं. नुसत्या धातूच्या सांगाड्यात मांडलेला, रंगीत दिव्यांनी लखलखणारा पीसी 'ओपन-एअर कॅबिनेट, कूलिंगला एक नंबर' म्हणून दाखवला, तर त्यातलं ग्राफिक्स कार्ड तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. मला 45 हजारांना विकलेल्या अशा पीसीतलं कार्ड क्रिप्टो मायनिंगमध्ये (डिजिटल नाणी मिळवण्यासाठी कार्डावर रात्रंदिवस गणितं चालवण्यात) पिळून काढलेलं निघालं.

मी घरून लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. दुकानदाराने माझं काम विचारून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, आपल्याकडचा उन्हाळा बघताय ना? बंद डब्यात मशीन तापतं. यात हवा खेळती राहते." एएमडी कंपनीचं आठ जीबीचं आरएक्स 580 ग्राफिक्स कार्ड, 'सीलबंद माल', वर रंगीत दिव्यांचे सहा आरजीबी फॅन, त्यांचे पैसे वेगळे. कार्डाच्या मागच्या पट्टीवर तांबूस डाग होते. ते मी दाखवले, तर उत्तर तयारच होतं: "डिस्प्लेला उघड्यावर होतं ना, हवा लागली. माल नवाच आहे."

ओपन कॅबिनेटबद्दल तो सांगत होता त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो. उघड्या सांगाड्यात कार्डाला खोलीतली ताजी हवा थेट मिळते आणि कोंदट बंद डब्यापेक्षा ते थंड चालतं. पार्ट बदलणं सोपं जातं, म्हणूनच दुरुस्ती आणि टेस्टिंग करणारे असे सांगाडे वापरतात. थर्मलटेकच्या कोअर पी3 सारखी चांगली, काचेची मॉडेल्सही मिळतात. पण पुढे जाळी आणि नीट बसवलेले फॅन असलेलं साधं बंद कॅबिनेट तापमानात फारसं मागे नसतं. आणि उघड्या सांगाड्यावर फॅन कशाला? बंद कॅबिनेटमध्ये हवा पुढून आत येते आणि मागून, वरून बाहेर जाते. भिंतीच नसतील तर तो रस्ताच उरत नाही. ते सहा फॅन निव्वळ रोषणाईचे होते.

तोटे मात्र त्याने एका शब्दाने सांगितले नाहीत. माझं घर मार्केट यार्डाजवळ. हळदीचा हंगाम सुरू झाला की खिडकीच्या कठड्यावर पिवळी धूळ साचते. ओपन कॅबिनेटला फिल्टर नसतो, म्हणजे तीच धूळ हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांत जाऊन बसणार. पावसाळ्यात दमट हवा, रात्री पाली, घरात लहान मूल असेल तर फिरत्या फॅनजवळ त्याची बोटं. फॅनचा आवाजही अडत नाही, आणि ज्याला कान लावून ऑडिओ जुळवायचा असतो त्याला तो फार जाचतो.

ऐन लग्नसराईत ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट झाला आणि कार्ड बंद पडलं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड 43, म्हणजे कार्डात बिघाड असल्याची खूण. मिरजेच्या एका टेक्निशियनकडे मशीन नेलं. त्याने कार्ड खोलून टेबलावर ठेवलं. एका स्क्रूचं डोकं झिजलेलं, थर्मल पॅडमधलं (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीतलं) तेल बोर्डावर उतरलेलं, एक फॅन बोट लावताच डुगडुगणारा. "ताई, हे नवं न्हाई. लई राबवलंय ह्याला," तो म्हणाला. मग त्याने सांगाड्याच्या वरच्या पट्टीवरची एका ओळीतली भोकं दाखवली. ती मायनिंगची कार्डं शेजारी-शेजारी टांगण्यासाठी असतात. सांगाडासुद्धा रंग मारून विकलेला होता!

त्याने कार्डाची बायोसही, म्हणजे कार्डातच साठवलेलं मूळ सॉफ्टवेअरही तपासलं. मायनिंगसाठी मेमरीचं टायमिंग बदललेलं होतं. अशी बदललेली बायोस एएमडीचा मूळ ड्रायव्हर स्वीकारत नाही, म्हणून विकताना ड्रायव्हरमध्येच फेरफार करून, म्हणजे पॅच मारून कार्ड चालू दाखवतात. नवा ड्रायव्हर आला की पॅच पुसला जातो आणि सोंग उघडं पडतं. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये शेडर (कार्डातले हिशेब करणारे बारीक भाग) दिसले 2048. मूळ आरएक्स 580 ला 2304 असतात. म्हणजे जुनं तर जुनं, वर कमी ताकदीचं. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या क्रिप्टो नाण्याने कार्डांवरचं मायनिंग बंद केलं, तेव्हापासून असा माल बाजारात ढिगाने उतरला आहे.

दुकानात परत गेले तर तोच माणूस म्हणतो, "उघड्यावर वापरलंत, धूळ-दमट हवा गेली, वॉरंटी बसत नाही." विकताना ज्या उघडेपणाचं कौतुक केलं, त्याचंच खापर आता माझ्या डोक्यावर! याची मला अजून चीड येते. लग्नाचं काम वेळेत देता आलं नाही म्हणून गिऱ्हाइकांची बोलणी मी खाल्ली, त्याने नाही.

म्हणून जीएसटी बिलावर कार्डाचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, 'नवीन' हा शब्दही लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा. दुकानातच जीपीयू-झेड चालवून शेडरचा आकडा बघा आणि कंपनीच्या साइटवरून घेतलेला ड्रायव्हर समोर टाकायला लावा. वॉरंटी कंपनीची की दुकानाची, आणि ओपन कॅबिनेटमध्ये ती लागू राहते का, हेही लेखी घ्या.

फसवलं गेलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. मी ती नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाची तयारीही सुरू केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, पण ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. दुकानदाराचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. माझ्या तक्रारीत 'सीलबंद माल' असं त्याने स्वतः लिहिलेला मेसेज पहिल्या पानावर जोडला आहे.