खिशातला सोनोग्राफी प्रोब: सलाईन कुठे थांबवायचं ते कळतं

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचा लहानसा आयसीयू आहे. मागच्या पावसाळ्यापासून तिथे टॅबलेटला जोडायचा प्रोब वापरतोय. घेताना वाटलं होतं, शॉकमधल्या, म्हणजे बीपी कोसळलेल्या पेशंटला किती सलाईन द्यायचं ते कळेल. उपयोग झाला तो थांबायचं कुठे, हे ठरवायला.

सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी व्हायला लागले की, पहिल्या तीन तासांत वजनाच्या किलोमागे 30 मिली सलाईन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण आमच्याकडे पोचेपर्यंत बऱ्याच जणांना आधीच्या दवाखान्यात दोन-तीन बाटल्या चढलेल्या असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत एक बाई अशीच आली. ताप, काखेत स्क्रब टायफसची (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) काळी खपली, वरचं बीपी 80. नातेवाईक मागे लागलेले, "अजून एक बॉटल लावून द्या नं जी." प्रोब ठेवला तर आयव्हीसी (हृदयाकडे रक्त नेणारी पोटातली मोठी शीर) 2.3 सेंटिमीटर, श्वासाबरोबर हलेना. दोन्ही फुप्फुसांत खालपासून बी-लाइन्सच बी-लाइन्स, म्हणजे पाणी साठल्याच्या उभ्या पांढऱ्या रेघा. सलाईन बंद केलं, बीपी वाढवायला नॉरअ‍ॅड लावलं, जंतूंवर डॉक्सी सुरू. व्हेंटिलेटरची वेळ आली नाही.

नुसत्या आयव्हीसीवर मात्र जाऊ नका. 2.1 सेंटिमीटरपेक्षा बारीक आणि श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त मिटली, तर हृदयाच्या उजव्या कप्प्यातला दाब कमी आहे, इतकंच कळतं. धडधाकट माणसाचीही मिटते, त्याला काय सलाईन लावायचं? व्हेंटिलेटरवर तर सगळं उलटं, श्वास आत जाताना ती फुगते. मी आधी फुप्फुसं बघतो, मग हृदय कसं आकुंचन पावतंय ते, आयव्हीसी शेवटी. फवारणीच्या विषबाधेचे पेशंट अ‍ॅम्बूने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास देत आणलेले असतात, पोटात हवा भरलेली. पोटाच्या मधून काहीच दिसत नाही. तेव्हा उजव्या कुशीतून, यकृताच्या आडून बघायचं.

आमच्या प्रोबला पल्स डॉपलर (रक्ताचा वेग मोजायची सोय) नाही. म्हणजे पाय उचलून, पायातलं रक्त हृदयाकडे आणून, स्ट्रोक व्हॉल्यूम (हृदय एका ठोक्यात फेकतं तेवढं रक्त) वाढतोय का, ते मोजता येत नाही. पैसे असतील तर डॉपलरवालाच घ्या. मे महिन्यात टॅबलेट तापून ऐन वेळी बंद पडायचा, शेवटी तो कूलरसमोर ठेवायला लागलो. केबल सैल झाली तर कंपनीचा माणूस फोनवर "आज निघतो" म्हणत राहिला आणि आठवडे गेले. चित्र मात्र स्वच्छ येतं, जेली थोडी पुरते, आणि सिस्टरही आता बी-लाइन्स ओळखतात.

पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी झाल्याशिवाय खोकंही उघडू नका. खिशात मावतो म्हणून कायद्यातून सुटत नाही. शेजारच्या डॉक्टरांनी कितीही गळ घातली तरी आम्ही तो नोंदवलेल्या जागेबाहेर नेत नाही.