बाओफेंग यूव्ही-5आर : संच स्वस्त, पण बँड सांभाळून भरावा

हौशी (हॅम) रेडिओचा परवाना हाती आल्यावर पहिला हातसंच, म्हणजे हातात धरायचा वॉकीटॉकी, म्हणून बाओफेंगचा यूव्ही-5आर सर्रास सुचवला जातो आणि किंमत पाहता त्यात काही गैर नाही. 136 ते 174 मेगाहर्ट्झचा व्हीएचएफ व 400 ते 520 मेगाहर्ट्झचा यूएचएफ असे दोन बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे), 128 चॅनेल (फ्रिक्वेन्सी साठवायच्या जागा) आणि सुमारे 4 वॅट शक्ती एवढे सगळे त्यात मिळते. आवाज स्वच्छ आहे, बॅटरी टिकते. या संचाची खरी परीक्षा होते ती चॅनेल भरताना.

कळफलकावरून चॅनेल भरायचा असेल तर संच आधी फ्रिक्वेन्सी मोडमध्ये (थेट आकडा टाइप करायच्या स्थितीत) आणून वरची ओळ निवडावी लागते आणि त्यानंतर ‘बँड’ कळ दाबून योग्य बँडवर यावे लागते. पडद्यावर 136 च्या पट्ट्यातली फ्रिक्वेन्सी दिसत असताना 437.800 टाइप केले, तर जुन्या फर्मवेअरचे (संचातल्या अंगभूत प्रणालीचे) संच कसलीही सूचना न देता आकडा पुसून पूर्वीच्या जागी परततात. नवख्याला वाटते की कळा बिघडल्या. माहितीपुस्तिकेने ही बाब ठळकपणे सांगायला हवी होती.

दोन्ही बँड एकाच चॅनेलमध्ये लागतात, तेव्हा हा क्रम नीट समजतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करणारा संच, 145.990 वर ऐकतो, 437.800 वर बोलतो आणि त्याला आवाजासोबत 67 हर्ट्झचा टोन (ओळखीचा स्वर) लागतो. म्हणून 27 क्रमांकाच्या मेनूतून आधी यूएचएफची ग्रहण फ्रिक्वेन्सी साठवायची, मग बँड बदलून, टोन लावून, त्याच चॅनेलवर व्हीएचएफची प्रक्षेपण फ्रिक्वेन्सी साठवायची. स्थानक वेगाने जवळ येते आणि दूर जाते, त्यामुळे डॉप्लर परिणामाने खाली येणारा संदेश सुमारे 10 किलोहर्ट्झ इकडेतिकडे सरकतो. 437.810 पासून 437.790 पर्यंत 5 किलोहर्ट्झच्या अंतराने पाच चॅनेल केले की काम भागते. मात्र बोलताना आपलाच आवाज वरून परत येतो की नाही, हे या संचावर ऐकता येत नाही, कारण तो एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे करू शकत नाही.

इतकी खटपट कळफलकावर करण्यापेक्षा केबलने संगणकाला जोडून संच भरणारी ‘चर्प’ ही मोफत संगणकप्रणाली कितीतरी सोयीची. तिच्यात डुप्लेक्सच्या रकान्यात ‘स्प्लिट’ (ग्रहण व प्रक्षेपण वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर) निवडून शेजारी प्रक्षेपणाची फ्रिक्वेन्सी लिहिली की झाले. संचाच्या पट्ट्याबाहेरचा आकडा ती स्वीकारत नाही. उदाहरणार्थ, बीएफ-888एस हा त्याच कंपनीचा सोळा चॅनेलचा संच फक्त यूएचएफचा असल्याने त्यात 145 मेगाहर्ट्झ भरताच येत नाही. केबल मात्र पारखून घ्यावी. नकली चिपच्या स्वस्त केबलींना नवे ड्रायव्हर ओळखत नाहीत आणि दोन पिनांचा प्लग शेवटपर्यंत दाबला नाही, तर संच संगणकाला उत्तरच देत नाही. काहीही बदलण्याआधी संचातली मूळ माहिती उतरवून जपून ठेवणे उत्तम.

चर्प तपासते ती संचाची कुवत, आपला परवाना नव्हे. भारतात हौशींना व्हीएचएफमध्ये 144 ते 146 आणि यूएचएफमध्ये 434 ते 438 मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आहे, तर संच त्याबाहेरही तितक्याच निमूटपणे प्रक्षेपण करतो. सोसायटीच्या सुरक्षारक्षकांसाठी किंवा गणेशोत्सव मंडळाच्या स्वयंसेवकांसाठी तो घेऊ पाहणाऱ्यांना म्हणूनच मी स्पष्ट नकार देईन. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झची परवानामुक्त सवलत अल्पशक्तीच्या, मान्यताप्राप्त संचांना आहे. यूव्ही-5आरमध्ये 446 चा आकडा भरल्याने तो त्या सवलतीत बसत नाही. ऑनलाइन विक्रेत्यांच्या पानांवर ‘परवान्याची गरज नाही’ असे बेधडक छापलेले दिसते, त्यावर विसंबू नये. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. खरेदीपूर्वी संचाचा फ्रिक्वेन्सी पट्टा आणि उपकरण मंजुरीचा तपशील विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावा.