रजिस्टर्ड व्हॅल्युअर होऊन वीस महिने: एका ओळीचा हिशोब

मागच्या बुधवारी माझा एक रिपोर्ट बँकेतून परत आला. शाहूपुरीतलं जुनं घर, तळमजला आणि वर एक मजला, गृहकर्जासाठी केलेलं मूल्यांकन. किमतीवर हरकत नव्हती, मोजमापावरही नव्हती. बँकेच्या छापील नमुन्यात जागेच्या वर्णनाखाली एक ओळ असते: वारंवार पूर येण्याची किंवा जागा पाण्याखाली जाण्याची शक्यता. त्या ओळीपुढं मी सहा ओळी लिहिल्या होत्या. शाखेतून फोन आला, "मॅडम, तिथं नुसतं 'नाही' घाला की. सगळ्यांचं तसंच येतंय." मी घालणार नाही म्हणाले. रिपोर्ट तिथंच अडकला आणि त्याची फीसुद्धा.

हा अनुभव लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, कारण महिन्यातून दोघंतिघं तरी फोन करून विचारतात, "आयबीबीआयचं करू का? पैसे वसूल होतात का?" आयबीबीआय म्हणजे रजिस्टर्ड व्हॅल्युअरची नोंदणी करणारं केंद्राचं दिवाळखोरी मंडळ. बुधवारच्या फोननंतर लिहायलाच बसले.

पात्रता तुम्हाला माहीत असणार, म्हणून थोडक्यात. जमीन व इमारत या वर्गासाठी सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा नगररचनेची पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव, पदव्युत्तर असाल तर तीन. आधी व्हॅल्युअर संघटनेचं सभासदत्व, मग ५० तासांचा कोर्स, मग परीक्षा, मग फॉर्म 'अ' भरून नोंदणी. हे सगळं कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ आणि २०१७ च्या नियमांखाली चालतं. मी बी. ई. सिव्हिल. अकरा वर्षं आधी ठेकेदाराकडं आणि मग स्वतःची छोटी कन्सल्टन्सी.

पात्रतेतली एक गोष्ट मला अजून बोचते. ज्यांच्या हाताखाली मी साइट शिकले ते दादा डिप्लोमाधारक आहेत. भिंतीवर हात फिरवून ती विटेची की जांभ्याची, मातीत रचलेली की चुन्यात, हे ते सांगतात. त्यांना या परीक्षेला बसता येत नाही. अनुभव कितीही असो, पदवीच लागते. मी पास झाल्याचा पेढा द्यायला गेले तेव्हा ते मनापासून खूश झाले, पण माझाच घास घशात अडकला.

कोर्सचे ५० तास शनिवार-रविवारी ऑनलाइन झाले. अर्थशास्त्र आणि हिशोबाचा भाग मी कसाबसा काढला. कायद्याचा भाग मात्र अनपेक्षितपणे आवडला. १८८२ चा सुविधाधिकार कायदा शिकताना सगळी शिवाजी पेठ डोळ्यांपुढं उभी राहिली. दोन घरांमधला सामाईक बोळ, एकाच्या परसातून दुसऱ्याची वाट, वीस-वीस वर्षांची वहिवाट, शेजाऱ्याच्या भिंतीत उघडणारी खिडकी. यावरून भांडणं मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यांना कायद्यात नाव आहे आणि त्यामुळं जागेची किंमत हलते, हे तिथं कळलं. आता मिळकतपत्रिका हातात घेतली की क्षेत्रफळाच्या आधी मी इतर हक्कांचा आणि बोजाचा रकाना वाचते.

परीक्षा दोन तासांची, संगणकावर. पासिंगला ६० टक्के लागतात आणि चुकलेल्या उत्तराचे पाव गुण कापले जातात. पहिल्या खेपेला मी ५४ वर राहिले. अंदाजानं ठोकलेल्या उत्तरांनीच घात केला. दुसऱ्या खेपेला येत नव्हते ते प्रश्न सोडून दिले आणि पास झाले. दोन्ही वेळा पुण्याला जाऊन यावं लागलं, एसटीनं.

आता पैसे. नोंदणीचे पाच हजार आणि वर कर. त्याशिवाय संघटनेची फी, कोर्स, दोनदा परीक्षा, प्रवास, प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र. माझे सगळे मिळून चाळीस हजारांच्या थोडे वर गेले. घराच्या एका रिपोर्टला मला दीड ते अडीच हजार मिळतात. म्हणजे नुसत्या गृहकर्जाच्या कामावर हिशोब धरला तर हा खर्च अंगावर येतो.

शिवाय या प्रमाणपत्रावर सगळीकडची कामं मिळतात असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. कायद्यानं ते सक्तीचं आहे कंपनी कायद्याखालच्या आणि दिवाळखोरी संहितेखालच्या मूल्यांकनाला. बँकेचं पॅनेल, म्हणजे तिनं मान्य केलेल्या व्हॅल्युअरांची यादी, प्रत्येक बँक आपल्या धोरणानं ठरवते. वडिलोपार्जित जागा विकल्यावर भांडवली नफ्यावरचा कर मोजायला १ एप्रिल २००१ ची किंमत काढून हवी असते, त्याला लागणारी नोंदणी निराळी. माझ्या वेळी ती संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४एबी खालची होती. संपत्ती कर केव्हाच रद्द झाला, पण ही नोंदणी राहिली. हे कुणी आधी नीट सांगत नाही. पहिल्या सहा महिन्यांत भांडवली नफ्याचे चार पक्षकार मला परत पाठवावे लागले. तेव्हा कुणी विचारलं असतं, तर नका करू, असंच मी सांगितलं असतं.

मत पहिल्यांदा बदललं ते शिरोलीतल्या एका बंद फाउंड्रीच्या कामानं. कंपनी दिवाळखोरीत गेलेली. अशा प्रकरणात प्रत्येक प्रकारच्या मालमत्तेला दोन स्वतंत्र रजिस्टर्ड व्हॅल्युअर नेमतात, त्यात माझं नाव लागलं. माझ्याकडं जागा आणि शेड, भट्ट्या आणि यंत्रं मशिनरीवाल्याकडं. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा, म्हणजे मालकी जमिनीसारखा दर लावून चालत नाही. उरलेली वर्षं, हस्तांतराची फी, मंजूर नकाशाबाहेर वाढवलेलं शेड, असं सगळं मांडून चोवीस पानांचा रिपोर्ट दिला. आतापर्यंत अशी दोनच कामं आली, पण चाळीस हजार त्यांतच निघाले.

एवढंच असतं तर मी 'ठीक आहे' म्हणून थांबले असते. माझ्यासाठी या सगळ्याचं मोल ठरलं ते त्या पुराच्या ओळीवर.

कोल्हापुरात पाऊस लागला की घराघरांत एकच आकडा विचारतात, "राजाराम बंधाऱ्याला किती झालं?" पंचगंगेच्या पाण्याची पातळी तिथं मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. नागाळा पार्क, रमणमळा, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, इथल्या लोकांना वेगळं काही सांगायला नको. आणि याच शहरातले मूल्यांकनाचे रिपोर्ट एकामागून एक काढून बघा. पुराच्या ओळीपुढं: नाही. नाही. नाही. मी स्वतः नोंदणीच्या आधी दुसऱ्यांच्या हाताखाली रिपोर्ट तयार करताना ते किती वेळा टाइप केलं असेल, याची मोजदाद नाही. आधीच्या फाइलची नक्कल करायची, नाव-गट नंबर बदलायचे. त्या ओळीकडं नजरच जात नव्हती.

कोर्समध्ये २०१७ च्या नियमांतला नियम ८ शिकवला. रिपोर्टात काय असलंच पाहिजे त्याची यादी: कोणतं निरीक्षण केलं, माहिती कुठून घेतली, कोणते मोठे घटक विचारात घेतले, मर्यादा कोणत्या. वर्गात कंटाळवाणी वाटलेली ही यादी पहिल्यांदा स्वतःच्या नोंदणी क्रमांकाखाली सही करताना आठवली आणि हात थांबला. ज्या घराच्या दारात दोनदा पाणी आलं, तिथं पूर हा मोठा घटक नसेल तर दुसरा कोणता?

तेव्हापासून प्रत्येक जागेचा मी उंबऱ्याचा आकडा काढते. बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर असताना या घराच्या उंबऱ्याला लागतं, तो आकडा. नुसतं 'पूरग्रस्त भाग' म्हणून भागत नाही, कारण एकाच गल्लीत एका टोकाला हा आकडा ४५ निघालाय आणि दुसऱ्या टोकाला ५२. पंचेचाळीसवाल्याला धोक्याच्या पातळीनंतर दोनच फूट मिळतात. बावन्नवाल्याच्या घरी २०१९ सारखं वर्ष आलं तरच पाणी येतं. रेडी रेकनरला, म्हणजे जागांच्या सरकारी दरपत्रकाला, मात्र दोन्ही टोकं सारखी, कारण तो विभागावर दर लावतो. सरकारी नकाशावर पूररेषा असतात: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या नकाशावर बघतेच, पण त्यांवरून बांधकाम परवानगीचं कळतं. कुणाच्या घरात कुठवर पाणी आलं ते कळत नाही.

आकडा काढायची रीत साधी आहे. मालकाला विचारायचं नाही, शेजाऱ्याला विचारायचं. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता दारात आलं ते विचारायचं, मग त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातून बंधाऱ्याची पातळी काढायची. दोन पुरांचे दोन आकडे जवळजवळ जुळले तर तो आकडा धरायचा. भिंत आपलं आपण सांगतेच. नवा रंग दिला तरी एका सरळ रेषेत लोणा, म्हणजे ओलीचा पांढरा क्षार, वर येतो आणि पोपडे सुटतात. विजेचे बोर्ड छातीच्या वर सरकवलेले असतात. दरवाजाच्या चौकटी खालून बदललेल्या असतात. हे बघायला दादांनी शिकवलं.

शाहूपुरीच्या त्या घरात मी टेप लावत होते तेव्हा घर घेणारं जोडपं सोबत होतं, आजऱ्याकडचं, नोकरीसाठी इथं आलेलं. विकणाऱ्यांनी नुकताच रंग काढला होता. शेजारच्या मावशी कट्ट्यावर बसून बघत होत्या. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "त्या फळीवर लेकीच्या लग्नातली भांडी हुती बघ. नागपंचमीच्या दिशी सांजच्याला पाणी उंबऱ्याला लागलं. मी म्हटलं, जाईल उतरून. राती तीनला उठलो, तर खाटंखाली पाणी. मग माळ्यावर जाऊन बसलो, सकाळपातूर." घेणारी मुलगी माझ्याकडं बघायला लागली. तिनं तोवर इसार दिला होता. आणि माझी फी बँकेनं तिच्याच खात्यातून कापून घेतली होती, पण तो रिपोर्ट तिच्या हातात पडणारच असं नव्हतं. बँकेनं मागवलेला रिपोर्ट बँकेचा असतो.

म्हणून मी त्या ओळीपुढं सहा ओळी लिहिल्या: दोन्ही साली तळमजल्यावर किती उंचीपर्यंत पाणी होतं, उंबऱ्याचा आकडा, माहिती कुणाकडून आणि कशी पडताळली, निळ्या-लाल रेषेच्या संदर्भात जागा कुठं येते. किंमत काढताना गल्लीच्या वरच्या टोकाच्या व्यवहाराशी थेट तुलना केली नाही. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखतांचे उतारे, काढून खालच्या टोकाचे दोन व्यवहार घेतले. गिलावा, वायरिंग आणि दारं बदलायचा खर्च वेगळा दाखवला. आकडा मागितलेल्या कर्जाला पुरत होता, म्हणूनच शाखेला किमतीचं काही वाटलं नाही. नडलं ते फक्त लिहिणं.

नोंदणी नसती तर मी बुधवारी 'नाही' घालून रिपोर्ट परत पाठवला असता, हे मला माहीत आहे. ज्यांच्या सहीनं रिपोर्ट जायचा त्यांनी सांगितलं असतं आणि मी केलं असतं. आता सही माझी, क्रमांक माझा आणि चौकशी झाली तर उत्तरही मलाच द्यायचं आहे. चाळीस हजारांत मला हे मिळालं, आणि मला ते स्वस्त वाटतं.

ज्यांना फक्त पॅनेलवरची गृहकर्जाची कामं करायची आहेत त्यांनी आधी आपल्या बँकांचं धोरण विचारून घ्या, मगच पैसे भरा. अनुभवाची पाच वर्षं भरत आली असतील तर परीक्षेच्या अभ्यासात कायदा आधी वाचा, हिशोब नंतर. आणि तुम्ही घर घेत असाल तर मूल्यांकनाला माणूस येईल त्या दिवशी रजा टाकून तिथं उभे राहा आणि त्याच्यासमोर शेजाऱ्यांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं.

काल शाखेतून पुन्हा फोन आला. आवाज या वेळी मऊ होता. "मॅडम, निदान कमी तरी करा, रकान्यात मावत नाही." ते मला पटलं. सहा ओळींच्या दोन केल्या. २०१९, २०२१ आणि उंबऱ्याचा आकडा ठेवला, बाकीचं जोडपत्रात टाकलं. आज सकाळी देऊन आले. अडीच हजार अजून जमा व्हायचेत.