बोडियम की आयटम मोट? लंडनहून एका दिवसात

चहूबाजूंनी पाण्याचा खंदक असलेली मध्ययुगीन वास्तू बघायची म्हटलं की बहुतेक जण बोडियमला जातात. फोटोच तसा आहे: ससेक्समधला रुंद खंदक, कोपऱ्यांवर गोल बुरूज, खाली पाण्यात अख्खा किल्ला उलटा. १३८५ साली सर एडवर्ड डॅलिंग्रिज यांनी राजा दुसऱ्या रिचर्डकडून तटबंदीचा परवाना मिळवला. निमित्त फ्रेंचांच्या स्वाऱ्यांचं. पण खंदकाचं पाणी मातीच्या बांधानं अडवलेलं, म्हणजे बांध फोडला की खंदक कोरडा. खिडक्याही लढाऊ किल्ल्याला न परवडणाऱ्या, मोठाल्या. संरक्षण किती आणि मिजास किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला मिजासच जास्त दिसते. (शौचकूप थेट याच पाण्यात उघडत, तेव्हा त्या काळच्या वासाची कल्पना केलेली बरी.) आत मात्र भिंती, गोल जिने आणि वर आभाळ. बंगालच्या फाळणीवाल्या लॉर्ड कर्झननं हा किल्ला विकत घेतला, डागडुजी केली आणि मृत्युपत्रानं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला ठेवला.

केंटमधलं आयटम मोट अगदी उलट. दरीत लपलेलं, जवळ जाईपर्यंत दिसतसुद्धा नाही. चौदाव्या शतकातलं हे घर. भिंती सरळ पाण्यातून वर आलेल्या, मधे चौक, भोवती सत्तरच्या वर खोल्या. इथं माणसं विसाव्या शतकापर्यंत राहत होती, त्यामुळे मध्ययुगीन दिवाणखाना, ट्यूडर काळातलं रंगवलेलं छत आणि एकोणिसाव्या शतकातलं कुत्र्याचं घर, सगळं एकाच आवारात. त्या कुत्र्याच्या घरालाही सर्वोच्च श्रेणीचा वारसा दर्जा आहे! शेवटचे मालक चार्ल्स हेन्री रॉबिन्सन हे अमेरिकी. १९५३ मध्ये त्यांनी घर घेतलं, तेही पुढं ट्रस्टकडे आलं.

सोबत मुलं असतील तर बोडियम, वाद नको. बुरुजावर चढता येतं आणि जवळच्या टेंटर्डन गावाहून वाफेच्या गाडीनं जाता येतं. मोठी माणसं असाल तर आयटम मोट. बोडियम बाहेरूनच बघून होतं, इथं आत वेळ जातो. वेळा दोन्हीकडच्या आधी तपासा.

दोन्ही श्रीमंतांची उदाहरणं, हे मात्र ध्यानात असू द्या. इंग्लंडमध्ये अशा खंदकांच्या सुमारे ६,००० जागा माहीत आहेत, बहुतेक १२५० ते १३५० मधल्या, आणि बऱ्याच ठिकाणी घर जाऊन शेतात चौकोनी चर तेवढा राहिलाय. तसले बघायचे तर पूर्व इंग्लंडमधल्या सफक परगण्याची चिकणमाती गाठा. पण जमीन बहुधा खासगी असते, पायवाट सोडू नका.